भाषा आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत? खान्देशातून कॉलेज निवडताना

मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. दर फेब्रुवारीत, तोंडी परीक्षा आटोपल्या की स्टाफरूमच्या दारात कोणी ना कोणी मुलगी वडिलांना घेऊन उभी असते. गेल्या वर्षीच्या मुलीचे वडील केळीवाले. मुलीला भाषा शिकायच्या होत्या आणि ‘देशादेशांचं राजकारण’ शिकायचं होतं. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “मॅडम, हाई शिकीसन पोर काय करी?”

प्रश्न रास्त होता. उत्तराची सुरुवात मी त्यांच्या बागेपासूनच केली. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची, भौगोलिक मानांकन मिळालेली २२ टन केळी दुबईला रवाना झाली होती. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडेल का, यावर आमच्याकडे पारावर चर्चा चालायची, कारण आपला माल आखातात जातो. मालाचे करार, बंदरावरचे नियम, दूतावासांतली बोलणी ही सगळी कामं भाषा येणारी आणि त्या देशाची नस ओळखणारी माणसं करत असतात. त्या कामापर्यंत पोचायला खान्देशातल्या मुलामुलींनी कॉलेज कसं निवडावं, ते मी ज्या क्रमाने वर्गात सांगते त्याच क्रमाने लिहिते आहे.

पायरी पहिली: कॉलेज शोधण्याआधी भाषा चाखून बघा

बहुतेक मुलं उलटं करतात. आधी कॉलेजांची यादी, मग प्रवेश, मग पहिल्या सत्रात कळतं की ही भाषा आपल्याला झेपत नाही किंवा आवडत नाही. त्यापेक्षा बारावीच्या आधीच्या सुटीत तीन महिने रोज अर्धा तास एक भाषा घ्या. जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे धडे फुकट आहेत, जपानीसाठी एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे आणि जपान फाउंडेशनच्या ‘मिनातो’ या संकेतस्थळावरचे. मोबाइल आणि दोनशे पानी वही एवढ्यावर हे होतं.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका, की आपण ‘गावाकडचे’ म्हणून भाषेत कच्चे. धुळ्याचं पोर घरी अहिराणी बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. नवापूरकडच्या मुलांना त्यावर गुजराती येते, अक्राणी-अक्कलकुव्याकडे घरची भाषा पावरी किंवा भिली असते. एका भाषेतून दुसरीत क्षणात उडी मारणं हे दुभाषाच्या कामाचं पहिलं कौशल्य, आणि ते तुम्हाला पाचव्या वर्षापासून येतं.

मराठीचा म्हणून वेगळा फायदाही आहे. त्या केळीवाल्यांच्या मुलीने मला तिची जर्मनची वही दाखवली होती. पानाच्या तीन उभ्या रकान्यांवर तिने डेर, डी, डास लिहिलं होतं आणि त्यांच्या डोक्यावर लाल पेनाने तो, ती, ते. हिंदी माध्यमातून शिकणाऱ्याला तिसरं लिंग ही भानगड नव्याने समजावून घ्यावी लागते. आपल्याला ‘ते झाड’ जन्मापासून माहीत असतं. झाडाचं लिंग जर्मनमध्ये वेगळं निघतं (तिकडे ‘तो झाड’), ते पाठच करावं लागतं, पण तीन खाने मनात आधीपासून असतात. रशियनच्या सहा विभक्ती पाहून इंग्रजी शाळेतली मुलं घाबरतात. शाळेत ‘प्रथमा ते संबोधन’ घोकलेल्या मुलाला त्यांची निदान ओळख असते. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘घरात’, ‘घरून’ यांतल्या प्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागे चिकटतात. ‘मी भाकर खातो’ याच क्रमाने जपानी वाक्य बसतं. कांजी लिपी, म्हणजे चिनी अक्षरं, मात्र कष्टाची, तिथे सुटका नाही. चिनीचंही तेच.

तीन महिन्यांनी स्वतःला विचारा: कंटाळा आला तेव्हाही वही उघडली का? उघडली असेल तर पुढे वाचा.

पायरी दुसरी: भाषा आधी, आंतरराष्ट्रीय संबंध मागून

हे माझं ठाम मत आहे. भाषा कोवळ्या वयात आणि भरपूर तास देऊनच येते. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय एमएला घेता येतो, आणि आपल्याकडे तो मुख्यतः एमएलाच शिकवला जातो. बीएला हा स्वतंत्र विषय असलेली सरकारी ठिकाणं थोडी आहेत. कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ त्यांतलं जुनं नाव. सोनिपतच्या जिंदल विद्यापीठासारख्या खासगी संस्थांत तो बीएला मिळतो, पण तिथला खर्च शेतकरी घराच्या आवाक्याबाहेरचा असतो.

म्हणून मी सांगते: बीएला भाषा मुख्य विषय, जोडीला राज्यशास्त्र किंवा इतिहास. मग एमएला आंतरराष्ट्रीय संबंध. नवीन शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो, त्याचा इथे पुरेपूर उपयोग होतो. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि पुढचं एमए एका वर्षाचं.

‘मॅडम, मला आयएफएस व्हायचंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारतीय परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षाच द्यावी लागते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. परकीय भाषा निवड झाल्यावर, प्रशिक्षणाच्या काळात तुम्हाला नेमून दिली जाते. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत गेले, जपानी शिकले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. दुसरी गोष्ट, फ्रेंच किंवा जर्मन साहित्य हा वैकल्पिक विषय २०१३ पासून या परीक्षेत उरलेला नाही. मराठी साहित्य आहे, राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध आहे. तेव्हा ‘यूपीएससीला उपयोगी’ म्हणून कोणी क्लासवाला जर्मन गळ्यात मारत असेल तर त्याचं ऐकू नका. भाषा आवडते म्हणून शिका.

पायरी तिसरी: तासांचा हिशेब करा

हा हिशेब कोणत्याच माहितीपत्रकात नसतो, आणि खरी निवड याच्यावर ठरते.

युरोपीय भाषांची पातळी खालून वर ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशी मोजतात. भाषांतर, कंपनीतली नोकरी, परदेशी शिक्षण यांसाठी निदान बी२ लागते. जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे जर्मनच्या बी२ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आता समजा, एखाद्या कॉलेजात जर्मन हा आठवड्याला चार तासिकांचा एक पेपर आहे. वर्षाचे ३० आठवडे खरे भरले तरी १२० तासिका, तीन वर्षांत ३६०. म्हणजे पदवी हातात आली तेव्हा मुलगी जेमतेम बी१ च्या उंबरठ्यावर. भाषा मुख्य विषय असेल आणि आठवड्याला बारा-चौदा तासिका होत असतील तर दुसऱ्या वर्षाअखेरीसच ८०० च्या आसपास.

कॉलेजची इमारत, नॅकने (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने) दिलेला दर्जा, रँकिंग हे सगळं या आकड्यानंतर.

जपानीला एन५ पासून एन१ पर्यंत वर चढत जाणाऱ्या जेएलपीटी परीक्षा असतात, जुलै आणि डिसेंबरमध्ये. पुणे आणि मुंबईत केंद्रं आहेत. फ्रेंचला डेल्फ, स्पॅनिशला डेले, चिनीला एचएसके. कॉलेजची गुणपत्रिका काही म्हणो, बाहेरचा माणूस ही प्रमाणपत्रं विचारतो.

पायरी चौथी: ठिकाणं, जवळून लांब

घरी राहून शिकायचं असेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतलं, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतलं कॉलेज. इथे बीएला राज्यशास्त्र, इंग्रजी, हिंदी उत्तम करता येतं, परकीय भाषा मात्र ऑनलाइन वर्गातून स्वतः चालवावी लागते. हा कमीपणाचा रस्ता नाही. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्रात एमए झाल्या. घरची अडचण असेल, धाकटी भावंडं असतील, तर हे तीन वर्षांचे पैसे वाचवून एमएला बाहेर पडणं शहाणपणाचं आहे. अट एकच, ऑनलाइन भाषेचा वर्ग रोजचा हवा, शनिवार-रविवारचा नको.

पुणे हे आपल्याकडच्या मुलांचं नेहमीचं ठिकाण, आणि भाषांसाठी ते खरोखर चांगलं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश यांचे अर्धवेळ अभ्यासक्रम तिथे चालतात, त्यामुळे दिवसा एखाद्या कॉलेजात राज्यशास्त्राचं बीए आणि जोडीला रानडेत भाषा असं जमतं. माझ्या तीन-चार विद्यार्थ्यांनी असंच केलं आणि ते टिकले. बीएलाच जर्मन घ्यायचं तर फर्ग्युसन बघा. जपानीसाठी टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. माक्स म्युलर भवनचे जर्मनचे आणि आलियाँस फ्राँसेजचे फ्रेंचचे वर्ग पक्के असतात, फी जास्त. ज्याला भाषा बोलण्यापेक्षा भाषेची रचना, बोलींचा अभ्यास यात रस आहे, त्याने डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्राच्या एमएची आतापासून नोंद करून ठेवावी. अहिराणीवर, पावरीवर काम करायला आपल्याच मुलांनी तिथे जायला हवं, असं मला फार वाटतं.

वर्धा कोणाच्या यादीत नसतं आणि असायला हवं. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे १९९७ साली सुरू झालेलं केंद्रीय विद्यापीठ. अनुवाद हा तिथला खास विषय, शिवाय चिनी, स्पॅनिश अशा परकीय भाषाही शिकवतात. माध्यम हिंदी. इंग्रजीच्या धास्तीने जी मुलं मागे राहतात, त्यांना हिंदीतून चिनी शिकता येते ही मोठी गोष्ट आहे. भुसावळहून गाडी थेट वर्ध्याला जाते.

नंदुरबार-नवापूरच्या मुलांनी पुण्याआधी बडोद्याचा विचार करावा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत फ्रेंच, जर्मन, रशियन हे विभाग आहेत. सुरतेला गाडी बदलली की बडोदा. गुजराती कानावरून गेलेल्या मुलांना तिथे परकं वाटत नाही.

हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, म्हणजे इफ्लू, भाषांसाठीच काढलेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून त्याची सुरुवात झाली. अरबी, फ्रेंच, जर्मन, जपानी, रशियन, स्पॅनिश असे विषय तिथे बीएला मिळतात. मनमाडला गेलं की सिकंदराबादची गाडी.

आणि दिल्ली. जेएनयूमध्ये, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, बीए ऑनर्सला फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, चिनी, जपानी, कोरियन, अरबी, फारसी, पश्तू अशा भाषा आहेत. आधी ती भाषा येत असण्याची अट नाही, अआइईपासून शिकवतात. शिक्षण शुल्क नाममात्र. आणि त्याच आवारात स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, जिची मूळ संस्था १९५५ सालची. म्हणजे बीएला भाषा, एमएला आंतरराष्ट्रीय संबंध, हा मी सांगते तो रस्ता एकाच कुंपणाच्या आत. दिल्ली विद्यापीठात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांचं बीए ऑनर्स आहे, जागा थोड्या. जामिया मिलियात अरबी, फारसी, तुर्की.

भाषांचा पसंतीक्रम भरताना सगळी मुलं फ्रेंच, जर्मन, जपानी या तिघींच्याच मागे धावतात. अरबी आणि फारसीला शेवटी ढकलू नका. ज्या मुलुखात आपली केळी विकली जाते, त्या मुलुखाच्या भाषा आहेत त्या. शिकणारे कमी, काम भरपूर.

एमएसाठी पुढची नावं आत्ताच वहीत लिहून ठेवा: जेएनयू, दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी, पुदुच्चेरी विद्यापीठ, आणि पैशांची सोय असेल तर मणिपाल, सिंबायोसिस.

पायरी पाचवी: सीयूईटी आणि कागदपत्रं

केंद्रीय विद्यापीठांचं दार २०२२ पासून सीयूईटी या देशभरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून उघडतं. आपली मुलं इथेच चुकतात, हुशारी कमी म्हणून नव्हे, तर वेळेवर कळत नाही म्हणून. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आधी किंवा ती चालू असतानाच भरावा लागतो. निकाल लागल्यावर चौकशीला येणाऱ्यांचं ते वर्ष हातचं गेलेलं असतं. तेव्हा १ जानेवारीपासून ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेचं संकेतस्थळ आठवड्यातून दोनदा उघडत जा.

परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रश्न मात्र एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात, बालभारतीच्या नव्हे. राज्यशास्त्राची एनसीईआरटीची बारावीची दोन्ही पुस्तकं फुकट उतरवून घ्या. त्यांतलं ‘समकालीन जागतिक राजकारण’ तर या विषयात शिरायला असंही वाचायलाच हवं. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीचं आलं तर एक वजा. कोणत्या विद्यापीठाला कोणते पेपर हवेत, ते विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघूनच अर्जात विषय निवडा. एका पेपरपायी अर्ज बाद झालेली मुलं मी पाहिली आहेत.

अर्जात मोबाइल आणि ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्या दादाचा नंबर टाकला की पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात.

जातीच्या दाखल्याचं नीट समजून घ्या. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. व्हीजे, एनटी, एसबीसी (विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग) हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. त्यांतल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांना तिथे ओबीसी म्हणून अर्ज करता येतो, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि नॉन-क्रीमीलेअरसह लागतो. मराठा समाजाचं राज्यातलं आरक्षण केंद्रात चालत नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला काढा. तो चालू आर्थिक वर्षाचा हवा, म्हणून १ एप्रिल उजाडला की लगेच तहसीलला अर्ज. मे महिन्यात तिथली रांग पाहिलीत तर माझं म्हणणं पटेल.

खर्चासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास राहण्या-जेवणाची रक्कम खात्यावर येते. अर्ज करण्याआधी तुमचं शहर आणि अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा.

पायरी सहावी: कॉलेजला फोन लावा

माझ्या भाचीचं सांगते. एका मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात जर्मन छापलेलं होतं, रंगीत फोटोसकट. आम्ही फी भरली. पहिल्या वर्षी तासांवर एक मॅडम यायच्या, दिवाळीनंतर त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या वर्षी वर्गात अकराच मुलं उरली म्हणून विषय बंद झाला आणि सगळ्यांना दुसरा विषय घ्यायला लावला. तिची दोन वर्षं आणि माझ्या भावाचे पैसे गेले. मी शिक्षक असून मला एक फोन करून विचारायचं सुचलं नव्हतं, याची टोचणी अजून आहे.

तेव्हापासून मी मुलांसमोर बसून फोन लावायला लावते. प्रवेश खिडकीला नाही, थेट विभागाला. ही भाषा मुख्य विषय आहे की एक पेपर? आठवड्याला किती तासिका? कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती? तिसऱ्या वर्षात आत्ता किती मुलं आहेत? मागच्या वर्षी बी१, बी२ किंवा एन३ किती जणांनी दिली? शेवटी, तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याशी बोलता येईल का? चांगल्या विभागाला हे प्रश्न आवडतात, ते स्वतःहून अधिक सांगतात. जिथे ‘आधी प्रवेश घ्या, मग सांगू’ असं उत्तर येतं, तिथे जाऊ नका.

पायरी सातवी: घरचा प्रवेश धरून ठेवा

केंद्रीय विद्यापीठांच्या याद्या उशिरा लागतात. तोवर जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवा आणि फी परत मिळण्याचे नियम लेखी मागा. मूळ कागदपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीने ते स्पष्ट केलं आहे. पडताळणी झाली की गुणपत्रिका परत मागून घ्या, नंतर दिल्लीला तीच दाखवावी लागते.

आणि बाहेर नंबर लागलाच, तर वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर काही आठवड्यांनी लागते हे धरून चाला. पहिल्या पंधरा-वीस दिवसांची राहण्याची सोय आणि तेवढे पैसे वेगळे काढा. त्या विद्यापीठात आधीच शिकणारं आपल्या जिल्ह्यातलं कोणी असतंच. गावातल्या शिक्षकांना विचारलं की नंबर मिळतो. केळीवाल्यांच्या मुलीला तसाच मिळाला. ती वर्ध्याला चिनी शिकते आहे. दिवाळीत आली तेव्हा वडिलांनी तिच्याकडून ‘केळी’ हा शब्द चिनीत लिहून घेतला, आणि तो कागद आता त्यांच्या खोक्यांच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवलेला आहे.